मापबाईंनी शिवलेली गाडी

ट्रकनं गाडी अंगणात उतरवली आणि तो निघून गेला. त्यानंतर पाचच मिनिटांत मापबाईंचा उजवा पाय त्या गाडीतून आरपार गेला.

झालं असं, की ड्रायव्हरसाहेबांनी मोठ्या अदबीनं दार उघडून धरलं होतं. एकतीस वर्षं बस चालवून ते सहा महिन्यांपूर्वी निवृत्त झाले होते. गल्लीनं दिलेलं 'ड्रायव्हरसाहेब' हे नाव मात्र निवृत्त व्हायला तयार नव्हतं. "बस, अगदी ऐसपैस बस," ते बायकोला म्हणाले. मापबाईंनी आत पाय टेकला, अंगाचा भार टाकला, आणि वाळकं पान चुरावं तसा खालचा पत्रा चुरला. गुडघ्यापर्यंतचा पाय गाडीत आणि त्याखालचा अंगणातल्या मातीवर.

"अहो," त्या हलल्या नाहीत, "हिला ब्रेक असाच लावायचा का?"

"थोडासा गंज आहे," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "बाकी सगळं रंगाचं काम."

ती गाडी म्हणजे त्यांचं तरुणपणापासूनचं वेड. फुगीर मडगार्ड, बेडकाच्या डोळ्यांसारखे दिवे, आणि मागं एवढीशी काच, की मागून येणारा मागंच राहावा. एका फोटोग्राफरच्या स्टुडिओमागं ती अठरा वर्षं झाडाखाली उभी होती. मागच्या सीटवर कोंबड्यांनी संसार थाटला होता. आता घर तिघांचं होतं: हे दोघं आणि ड्रायव्हरसाहेबांचे वडील. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली होती. तिनं फोनवर विचारलं, "बाबा, गाडी घेतली की गाडीचा फोटो घेतला?"

मापबाईंना हे नाव कसं पडलं ते सांगायला हवं. त्या शिवणकाम करायच्या, समोरच्या खोलीत, खिडकीशी मशीन लावून. माणूस दारात उभा राहिला की त्याची छाती, कंबर आणि उंची त्यांना नजरेनंच कळायची. टेप लावायचा तो केवळ समोरच्याच्या समाधानासाठी. एके काळी त्यांच्याकडं कोट शिवायला लोक दोन-दोन महिने थांबायचे. आता सगळे तयार कपडे घेत, आणि मापबाईंकडं येत ते पँट आखूड करायला, चेन बदलायला, बटण लावायला. काम तसं रोज असायचं. पण अखंड कापड टेबलावर पसरून त्यात पहिली कात्री घालायला त्यांना किती वर्षं झाली होती, हे त्या मोजत नव्हत्या, आणि मोजत नव्हत्या म्हणजेच त्यांना ते सलत होतं.

इंजिनाचं ड्रायव्हरसाहेबांनी तीन आठवड्यांत जमवलं. डेपोतले जुने मेकॅनिक मित्र आले, धूर झाला, शेजारच्यांचे वाळत घातलेले कपडे काळे झाले, भांडण झालं, मिटलं, आणि इंजिन गुरगुरायला लागलं. आता गाडी चालू होती, फक्त तिच्यात बसायला जागा नव्हती.

मग ते पत्र्याकडं वळले. डबेच्या डबे लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, आणली आणि भोकांत भरायला सुरुवात केली. आधी जाळी कोंबायची, वरून लांबी थापायची, वाळली की घासायची. दीड महिना त्यांचे केस, भुवया आणि चहाचा कप सगळं करड्या रंगाचं होतं. शेवटी डावी बाजू अशी गुळगुळीत झाली, की स्वतःच तिच्यावरून पुन्हा पुन्हा हात फिरवत ते उभे राहायचे.

"बाबांना दाखवतो," ते म्हणाले.

बाबा, म्हणजे मापबाईंचे मामंजी, ब्याऐंशी वर्षांचे. दृष्टी जवळजवळ गेलेली, पण कान असे, की स्वयंपाकघरातल्या डब्याचं झाकण कुणी उघडलं ते त्यांना बाहेरच्या खोलीत कळायचं. नोकरी रेल्वेत केलेली. गाडी थांबली की हातोडी घेऊन प्रत्येक चाकावर टोला मारायचा आणि आवाजावरून कुठं तडा आहे ते ओळखायचं, हे त्यांचं काम. मामंजी काठी टेकत आले, गाडीजवळ वाकले आणि बोटाच्या पेरानं टकटक करत पुढून मागं गेले.

"हा पत्रा," ते म्हणाले. मग "हाही पत्रा." मग थांबले. पुन्हा टकटक केलं. "इथं पीठ आहे."

"बाबा, ते आतून मजबूत केलंय."

"पीठ मजबूत होत नाही रे. हे पीठ, हे पीठ, हेही पीठ. दाराची कडी पत्र्याची आहे. पुढं परत पीठ."

ड्रायव्हरसाहेबांनी बायकोकडं पाहिलं. मापबाई आत गेल्या आणि जमिनीवर सांडलेल्या टाचण्या गोळा करायचं आपलं लोहचुंबक घेऊन आल्या. जिथं पत्रा होता तिथं ते टपकन चिकटलं. जिथं मामंजींनी पीठ सांगितलं होतं तिथून ते घसरलं आणि खाली पडलं. तिसऱ्यांदा पडलं तेव्हा जाता जाता त्यानं लांबीचा पोळीएवढा तुकडा सोबत नेला. त्या भोकातून कोंबडीचं एक जुनं पीस बाहेर आलं.

ड्रायव्हरसाहेब दोन दिवस रुसले. जेवत होते, पण ताटाकडं बघून. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून खर्र-खर्र आवाज आला म्हणून ते बाहेर आले, तर मापबाई डोक्याला फडकं बांधून खरवडणीनं डावी बाजू सोलून काढत होत्या.

"अगं, माझी दीड महिन्याची मेहनत!"

"मेहनतीला कोण नाव ठेवतंय? फाटक्या कोपराला पावडर लावून कोट नवा होत नाही, एवढंच म्हणते मी. फाटकं आहे तिथं ठिगळ लावावं लागतं. आणि ठिगळ धडक्या कापडापर्यंत न्यावं लागतं, नाहीतर टाका धरायचा कशाला?"

धडका पत्रा कुठून सुरू होतो, हे त्या बोटानं दाबून बघत होत्या आणि शिवणाच्या खडूनं रेघ मारत होत्या. आठ दिवसांनी गाडीचा खालचा सगळा भाग पांढऱ्या रेघांनी भरला. मग त्यांनी जुन्या खोक्यांचा पुठ्ठा आणला आणि प्रत्येक भोकासाठी खाका कापला. मडगार्ड फुगीर, त्याच्यावर सपाट पुठ्ठा बसेना. मापबाईंना त्यात नवल वाटलं नाही. माणसाची छातीही सपाट नसते. त्यांनी पुठ्ठा चिमटून तीन टक्स घातले, कडेला जोडासाठी बोटभर माया सोडली, आणि पुठ्ठा मडगार्डावर असा बसला, की ड्रायव्हरसाहेबांचा रुसवा तिथल्या तिथं संपला.

"हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

खाके घेऊन दोघं कोपऱ्यावरच्या ग्रिलवाल्याकडं गेली. खिडक्यांची ग्रिलं आणि फाटकं करणारा हा माणूस, पंचेचाळिशीचा, बोलण्यात फटकळ. पुठ्ठ्याचे सव्वीस तुकडे टेबलावर मांडलेले बघून तो हसला. "काकू, झबली शिवायचीत का गाडीला?"

"तू आधी एक कापून तर दे."

त्यानं पत्रा कापला, टक्सच्या जागी चिरा दिल्या, गोल ठोकून वळवला, आणि चेष्टा करायची म्हणूनच अंगणात येऊन मडगार्डाला लावून बघितला. पत्रा बसला. त्यानं तो काढला, पुन्हा लावला. "काकू," आता तो हसत नव्हता, "हे माप कुणी घेतलं?"

वेल्डिंगनं तुकडे जोडायचं काम त्याचं ठरलं होतं, पण पहिल्याच दिवशी फाटकांच्या सवयीनं त्यानं सरळ लांब रेघ ओढली आणि तो पातळ पत्रा तापून पापणीसारखा वर वळला. त्यानं कपाळावर हात मारला. "याला सलग जोडून चालत नाही. एक ठिपका इथं, मग एक पार त्या टोकाला, मग मधे. गार होऊ द्यायचं. मग उरलेल्या जागा भरायच्या. फार वेळखाऊ. मला फाटकं सोडून इतका वेळ कुठला?"

"म्हणजे आधी कच्चे टाके, मग शिलाई," मापबाई म्हणाल्या. "मला शिकव."

ग्रिलवाल्यानं ड्रायव्हरसाहेबांकडं पाहिलं. ड्रायव्हरसाहेबांनी हात वर केले. "माझ्याकडं बघू नकोस. मी लांबीवाला."

अशा रीतीनं सत्तावन्नाव्या वर्षी मापबाईंनी तोंडावर काळा मुखवटा चढवला. ग्रिलवाल्यानं आपलं जुनं, पातळ पत्र्याला चालणारं मशीन त्यांच्या अंगणात गाडीवर उभारलेल्या शेडमध्ये आणून ठेवलं आणि मोडक्या कपाटाचं एक दार सरावाला दिलं. पहिल्या आठवड्यात त्या दाराची चाळणी झाली. हात जरा रेंगाळला की भोक, घाईनं उचलला की टाका कच्चा. ठिणगी उडाली की त्या किंचाळायच्या. मग किंचाळणं थांबलं, मग भोकंही थांबली. शिवणाच्या मशीनवर पाय आणि हात यांचा जो मेळ असतो, तसाच इथं हाताचा आणि कानाचा आहे, हे त्यांना एका दुपारी उमगलं. ते उमगायला मामंजी उपयोगी पडले. शेडबाहेर खुर्ची टाकून बसलेले मामंजी म्हणाले, "सूनबाई, आत्ताचा आवाज चांगला होता. तळल्यासारखा. मघाचा थुंकल्यासारखा होता."

त्यानंतर मापबाई तळल्यासारखा आवाज धरून चालल्या, आणि टाके सरळ येऊ लागले.

सकाळी दहा ते एक कपडे, तीन ते सहा गाडी, असं त्यांचं चाललं. चेन बदलायला आलेली माणसं पिशवी घेऊन शेडकडं वळायची. "तिथंच थांबा, इकडं बघू नका, डोळे जातील," असं मुखवट्यामागून ऐकू यायचं. सव्वीसपैकी एकोणीस ठिगळं लागली. पुढचा तळ नवा झाला. मग मुलीचं घर बदलायचं निघालं आणि मापबाई चार दिवस तिच्या मदतीला गेल्या. जाताना सांगून गेल्या, "उरलंय ते दारांखालच्या पट्ट्यांचं. मी येईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही."

आता, निवृत्त माणसाला चार दिवस रिकामं ठेवणं हीच मुळात चूक. ड्रायव्हरसाहेबांनी विचार केला, पट्ट्या गंजलेल्याच आहेत, कापून तर ठेवू, ती आली की खूश होईल. त्यांनी दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एकाच दिवशी कापून काढल्या. जुन्या बसला खाली भक्कम सांगाडा असतो. या गाडीला तसा वेगळा सांगाडा नव्हता. तिचं अंग हाच सांगाडा, आणि त्या दोन पट्ट्या म्हणजे तिचा कणा.

चौथ्या दिवशी मापबाई आल्या तर चहा तयार. न सांगता. शिवाय बशीत बिस्किटं मांडलेली.

"काय मोडलंत?" त्यांनी पिशवी खाली ठेवायच्या आधीच विचारलं.

"मोडलं असं नाही."

गाडीवर ताडपत्री होती. मापबाईंनी ती ओढली. गाडी मधोमध खचली होती, थकून बसलेल्या गाढवासारखी. दारं चौकटीत अडकून अर्धवट उघडी, छपराला दारांवर बारीक सुरकुती.

मापबाई गाडीभोवती एक फेरी मारून आल्या. चार महिन्यांचं काम होतं ते. मडगार्डाचा तो पहिला तुकडा होता त्यात. ड्रायव्हरसाहेब खांबाला टेकून उभे होते. बसचा अपघात केलेल्या माणसाचा चेहरा कसा असेल, ते त्यांनी एकतीस वर्षांत कधी कुणाला दाखवलं नव्हतं. ते आज दिसलं.

"मी उद्या भंगारवाल्याला बोलावतो," ते हळूच म्हणाले. "माझ्याच हातानं वाट लागली. तू आणखी कष्ट घेऊ नकोस."

मापबाई चिडल्या होत्या. चांगलं तासभर फैलावर घ्यायचं, असं त्यांनी फेरी मारतानाच ठरवलं होतं. पण ते वाक्य ऐकलं आणि राग भलत्याच दिशेला वळला.

"भंगारवाला? माझ्या टाक्यांना? एक टाका तरी उसवलाय का बघा जरा!" त्या वाकल्या, बॅटरी लावली, एकेक सांधा पाहिला. गाडी खचली होती, पण एकोणीस ठिगळांतलं एकही सुटलं नव्हतं. "हे बघा. कोट हँगरवरून घसरलाय. फाटला नाही. उचलून नीट टांगायचा."

"कसा?"

"ते तुम्ही सांगा. बस उचलत होतात ना तुम्ही?"

हे मात्र ड्रायव्हरसाहेबांना बरोबर येत होतं. डेपोतून दोन जॅक आले, लाकडाचे ओंडके आले. गाडीच्या पोटाखाली मधोमध ओंडका, त्याखाली जॅक. रोज सकाळी पाव फेरा, संध्याकाळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मापबाई शिवणाचा टेप घेऊन दाराच्या चौकटीचं माप घ्यायच्या, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, मग उलटं. दोन्ही मापं सारखी आली म्हणजे चौकट सरळ. पहिल्या दिवशी फरक दोन बोटांचा होता. आणि मामंजी खुर्चीवर, छपराला कान लावून.

"फिरव," मामंजी म्हणायचे. "फिरव. फिरव. थांब! कुरकुरली."

मग सगळे थांबायचे. कुरकुर शमेपर्यंत चहा व्हायचा. ग्रिलवालाही दुकान बंद करून यायला लागला. आज फरक किती, हे कळल्याशिवाय आपल्याला जेवण जात नाही, असं त्याचं म्हणणं. अकराव्या दिवशी संध्याकाळी मापबाईंनी टेप धरला, उलटा धरला, पुन्हा पहिल्यासारखा धरला. मग टेप गळ्यात टाकून त्यांनी डावं दार दोन बोटांनी ढकललं.

खट्ट. दार लागलं. चारी कडांना सारखी फट.

"परत लाव," मामंजी म्हणाले. त्यांनी ते सहा वेळा लावायला लावलं. "एकदम नवं आहे हे. आवाजाला सुरकुती नाही."

यावेळी मापबाईंनी आधी दारांच्या चौकटींत आडव्या सळया टाचून घेतल्या, मग एका बाजूची पट्टी पूर्ण जोडली, आणि ती जोडून झाल्यावरच दुसऱ्या बाजूला हात घातला. सळया कापायचं काम त्यांनी मुद्दाम ड्रायव्हरसाहेबांना दिलं. ते कटर हातात घेऊन उभे राहिले. "नक्की ना?" त्यांनी तीनदा विचारलं. पहिली सळई सुटली तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते. गाडी केसभरही हलली नाही.

उरलं ते घासणं, तांबडा प्रायमर आणि रंग. लांबी लागलीच, पण कागदाएवढी पातळ, आणि ती लावायचा मान ड्रायव्हरसाहेबांनाच मिळाला. रंगावरून आठ दिवस वाद झाला. त्यांना काळा हवा होता, मापबाईंना गडद हिरवा. मामंजींना विचारलं, तर ते म्हणाले, "मला दोन्ही सारखेच. पण सूनबाई म्हणते तो द्या." हिरवा झाला.

गाडीची सरकारी तपासणी होती त्या दिवशी तपासनीस उताणा होऊन गाडीखाली शिरला. बराच वेळ आतून नुसती बॅटरी हलत होती. ड्रायव्हरसाहेब मनगटावरचं घड्याळ उगाच फिरवत होते. तो बाहेर आला, कपडे झटकले आणि म्हणाला, "हे सांधे कुणी केलेत? कोणत्या गॅरेजमध्ये?"

"आमच्या शेडमध्ये," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "ह्यांनी." आणि त्यांनी बायकोकडं हात केला. एकतीस वर्षांत उत्तम चालकाची तीन बक्षिसं त्यांना मिळाली होती, पण त्यांचा चेहरा तेव्हाही इतका फुलला नसेल.

तपासनिसानं मापबाईंकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. मापबाईंनीही त्याच्याकडं पाहिलं, पण त्यांना दिसलं ते एवढंच, की याच्या सदऱ्याचे खांदे अर्धा इंच खाली उतरलेत. त्यांनी ते त्याला सांगितलं. शिक्का मिळेपर्यंत थांबल्या, एवढंच.

पुढच्याच रविवारी तिघं फिरायला निघाली. मामंजी मागं, पाय पसरून, मापबाई पुढं. गावाबाहेरच्या चढावर ड्रायव्हरसाहेबांनी रुबाबात हॉर्न दिला आणि तो तसाच अडकला. बटण ओढलं, आपटलं, विनवण्या केल्या. हॉर्न काही थांबेना. रस्त्यावरच्या गाड्या बाजूला झाल्या. एका ट्रकवाल्यानं सलाम ठोकला. सायकलवरच्या दोघी उतरून उभ्या राहिल्या आणि मंत्र्याची गाडी समजून त्यांनी हात हलवले. मापबाईंनीही, आता करायचं काय म्हणून, हात हलवला.

"थांबवू का गाडी?" ड्रायव्हरसाहेब ओरडले. "वायर काढतो!"

"काही नको," मागून मामंजींचा आवाज आला. "सूर बरोबर आहे. चालू दे."